गोबी दिवसभर रेती चाळतो, मग वाळतो काहून?

गोबी म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळतात तो रेती चाळणारा मासा. तो वाळतो, म्हणजे बारीक होत जातो, अशी तक्रार घेऊन लोक मला फोन करतात. लक्षणं आधी सांगतो, कारण नव्वद टक्के लोक चुकीचं लक्षण घेऊन फोन करतात.

पहिलं आणि खरं लक्षण म्हणजे पोट. मासा बाजूने पाहा. छातीखालच्या परांच्या मागे पोटाची रेघ सरळ किंवा थोडी बाहेर फुगलेली असेल तर मासा ठीक आहे. तिथे खळगा पडला असेल, बोटाने दाबल्यासारखा, तर तो उपाशी आहे. मग वरून पाहा. डोकं रुंद आणि त्यामागचं अंग कापसाच्या वातीसारखं बारीक होत गेलेलं दिसलं, तर उपास आजकालचा नाही, तीन-चार आठवड्यांचा आहे.

बाकीची लक्षणं अशी: मासा एका जागी न थांबता सारखा इकडून तिकडे चाळत फिरतो. कल्ले भराभर हलतात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. किंवा तो दिवसाढवळ्या बिळातून बाहेरच येत नाही. यातलं एखादं दिसलं तर पुढे वाचा.

आणि ही लक्षणं नाहीत: दिवे गेले की मासा गायब होतो, बिळाचं तोंड रेतीने बुजवून घेतो, एका कोपऱ्यातली रेती दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ढीग लावतो, खाली ठेवलेल्या कोरलवर रेती सांडतो. हा त्याचा स्वभाव आहे. कोरल वर सरकवा, माशावर चिडू नका.

मी परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो आणि आसपासच्या गावांतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाहतो. अचलपूर, अंजनगाव, चांदूर बाजार, दर्यापूर, अकोटपर्यंत मोटारसायकलवर जातो. लोकांना हसू येतं: समुद्र शेकडो किलोमीटरवर आणि इथे समुद्राचे मासे. पण शौकाला किनारा लागत नाही. या फेऱ्यांत डायमंड गोबीची हीच तक्रार मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं कळतं. "भौ, रेती तं दिवसभर चाळते, मंग वायते काहून?"

प्रश्नातच उत्तर आहे. तो चाळतो म्हणून खातो, असं आपण धरून चालतो. डायमंड गोबी, निळ्या ठिपक्यांचा स्लीपर गोबी, पिवळ्या डोक्याचा गोबी हे सगळे व्हॅलेन्सिएनिया वंशातले. तोंडभर रेती उचलायची, तोंडातल्या तोंडात पाखडायची, त्यातले बारीक जंत आणि कोपेपॉड, अॅम्फिपॉड असे इवलेसे कवचवाले जीव ठेवून रेती कल्ल्यांतून सोडून द्यायची. अगदी सुपासारखं काम. पण सुपात दाणाच नसेल तर पाखडून काय पडणार? आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर बायका वावरात सरवा वेचतात. पहिल्या दिवशी ओटी भरते, चौथ्या दिवशी मूठभर मिळतं, आठव्या दिवशी फक्त ऊन लागतं. समुद्रात या माशाला वावर संपत नाही. तुमच्या टाकीत त्याला चार फूट बाय दीड फूट मिळालंय, आणि ते तो दोन-तीन आठवड्यांत साफ करतो. त्यानंतरही चाळतच राहतो, कारण त्याला दुसरं येत नाही. रेती मात्र पांढरीशुभ्र होते, मालक खूश, दुकानदार खूश. मासा वाळत जातो.

म्हणून "रेती साफ ठेवायला एक गोबी टाका" हा सल्ला मला आवडत नाही. तो झाडू नाही, जेवणारा प्राणी आहे.

आता तपासणी. क्रम पैशाचा लावलाय: आधी फुकटची कामं, मग स्वस्त, शेवटी घाम काढणारी.

मिसिस टाकून पाहा

सगळ्या निदानाची किल्ली इथे आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी सोडून थेट औषधाकडे धावतात. मिसिस म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, माशांचं अन्न म्हणून गोठवून मिळतो. गोठवलेल्या मिसिसचा एक तुकडा वाटीत टाकीचंच पाणी घेऊन विरघळवा, पंप दहा मिनिटं बंद करा आणि ते माशाच्या तोंडापुढे, रेतीवर पडेल असं सोडा. मग पाहत बसा.

खाल्लं, तर अर्धी चिंता मिटली. अन्न कमी पडतंय, कोणी तरी हिसकावतंय, अन्न नि:सत्त्व आहे किंवा पोटात जंत आहेत, या चारांपैकी एक असणार. तोंडात घेऊन थुंकलं किंवा ढुंकूनही पाहिलं नाही, तर पाणी बिघडलंय किंवा मासा घाबरलेला वा आजारी आहे. म्हणजे खारटपणा आणि पाण्याच्या तपासणीकडे आधी वळायचं. मासा आणून चार-पाच दिवसच झाले असतील तर घाई करू नका. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर पिशवीत हिंदकळून आलेला जीव आहे. त्याला आर्टेमियाची (हाही कोळंबीसारखा बारीक जीव) अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं रेतीवर सोडून द्या, ती तो बहुधा उचलतो.

त्याच वेळी मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवा, एक बाजूने, एक वरून. दर रविवारी तेच करा. रोज पाहणाऱ्याला मासा वाळताना दिसत नाही, घरातलं लेकरू वाढताना दिसत नाही तसंच.

अन्न त्याच्यापर्यंत पोचतं का

एका गुरुजींच्या घरची टाकी आठवते. दिवसातून दोनदा अन्न, तेही भरपूर, आणि गोबी काडी झालेला. मी खुर्ची टाकून बसलो. सरांनी अन्न टाकलं, आणि दोन क्लाउनफिश अन् तीन डॅमसेलनी ते वरच्या वर संपवलं. खाली एक कणही आला नाही. गोबी तिकडे कोपऱ्यात आपला चाळतोय. सर म्हणाले, "आम्ही समजत होतो की तो खालचं उरलेलं खातो." उरलेलं असतं कुठे?

उपाय दहा रुपयांचा आहे. ठिबक सिंचनाच्या, सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसेल अशा बारीक नळीचा दोन-अडीच फुटांचा तुकडा घ्या, वरच्या टोकाला सुई काढलेली मोठी सिरिंज बसवा आणि अन्न थेट बिळाच्या तोंडाशी सोडा. एका हाताने वरच्या माशांना दुसऱ्या टोकाला थोडं अन्न टाकून गुंतवून ठेवायचं. फक्त नळी कोरी घ्या. वावरातली वापरलेली आणू नका. तिच्यातून खतं गेलेली असतात, कधी अॅसिडही गेलेलं असतं.

वाळलेल्या गोबीला दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या, एकदाच ढीगभर नको. त्याचं पोट सतत बारीकसारीक खाण्यासाठी आहे. मिसिस मुख्य, जोडीला बुडणाऱ्या बारीक गोळ्या. नुसती मोठी आर्टेमिया देऊन मासा भरत नाही, तिच्यात दम कमी असतो. पोट भरल्यासारखं दिसतं आणि पंधरा दिवसांनी मासा तिथल्या तिथेच.

टाकीत दुसरा चाळणारा कोणी आहे का तेही इथेच पाहून घ्या. दोन गोबी, किंवा रेतीत फिरणारी तारामासळी, एकाच वावरात दोन सरवेकरी झाले. तारामासळी तर रेतीतली जिवंत वस्ती गोबीपेक्षा जोमाने संपवते आणि मग स्वतःही हळूहळू मरते.

फ्रीजरमधलं नाणं

ही तपासणी आपल्याकडे फार कामाची, कारण आपली लाइन जाते. एका वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी मिसिसच्या पाकिटाशेजारी ठेवून द्या. आठ दिवसांनी पाहा. नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बर्फाच्या आत किंवा तळाशी गेलं असेल, तर तुमच्या फ्रीजरमधला बर्फ मधे वितळून पुन्हा गोठला आहे, आणि तुम्ही त्यावेळी झोपलेले होता किंवा वावरात होता.

एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या मिसिसच्या अंगातला रस निघून जातो, टरफल उरतं, आणि ते वास मारायला लागतं. चौकोनी तुकड्याचे कोपरे गोल झाले असतील, पाकिटात तळाला तपकिरी बर्फाचा थर असेल, तर फेकून द्या. जीव तुटतो, महाग असतं, माहीत आहे. पुढच्या वेळी छोटं पाकीट आणा आणि पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांच्या मधोमध ठेवा, चार-सहा तास निभावतं.

खारटपणा आणि उन्हाळा

आता पाणी. समुद्राच्या पाण्यात हजार भागाला पस्तीस भाग मीठ, म्हणजे पंचवीस अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं. आपल्याकडचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत कूलर, टाकीवर पंखा. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं हे खरं, पण ते बाष्पीभवनानेच उतरतं. दोनशे लिटरच्या टाकीतून तीन दिवसांत बारा लिटर उडालं आणि तुम्ही लग्नाला गेला होता, तर पस्तीसचे सदतीस झाले. मासा मरत नाही, पण अन्नावरची वासना कमी होऊ शकते.

म्हणून उन्हाळ्यात काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि रोज सकाळी तेवढं गोडं आरओचं पाणी घाला. खारं नाही, गोडं. हे वाक्य मी दर उन्हाळ्यात किमान चार वेळा बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) असेल तर त्याचाही शून्य तपासा. वर्षभर न तपासलेलं यंत्र खुशाल खोटं सांगतं.

पाणी पंचवीस ते सत्तावीस अंशांत ठेवायचं. बत्तीसला गेलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची भूक मात्र वाढते. अंगाचा खर्च वाढला अन् मिळकत तीच. एप्रिल-मेमध्ये अचानक वाळलेला गोबी बरेचदा याच हिशोबात सापडतो. लाइन गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, इन्व्हर्टर फक्त टीव्हीसाठी नसतो.

आणि टाकीला जाळीचं झाकण ठेवा. दिवे एकदम गेले की हे मासे दचकून उडी मारतात. सकाळी कूलरमागे सुकलेला सापडतो, मग कशाची तपासणी करणार?

पाणी येतं कुठून

दर्यापूर-अकोटकडे गेलो की एक विनोद ठरलेला असतो. "भौ, आमच्या हिरीचं पाणी तं आधीच खारं हाय, मंग मिठाचे पैसे कायले घालू?" पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला. पाणी खारं आहे, पण समुद्र नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट यांचं प्रमाण ठरलेलं असतं. विहिरीचं क्षार आपल्या मर्जीने असतं, बायकार्बोनेट भलतंच जास्त, वरून शेतातलं नायट्रेट. त्यात समुद्री मीठ मिसळलं तर काय तयार होतं हे देवालाही सांगता येणार नाही. पाणी शून्यापासूनच सुरू करायचं.

घरचा आरओ आहे, मग काळजी काय, असं म्हणू नका. दोन गोष्टी पाहा. पहिली, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, दीड-दोनशे रुपयांत मिळतं, ते बुडवा. घरच्या बऱ्याच आरओंत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. मीटर साठ-सत्तर दाखवतं. टाकीला शून्य ते पाच हवं. मिसळणारा स्क्रू बंद करा आणि पुढे डीआयची, म्हणजे उरलेले क्षार धरणारी, नळी लावा. गावातल्या वीस लिटरच्या थंड जारचा तर विषयच सोडा.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. हल्ली आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडणारे आरओ आलेत. माणसाला काय व्हायचं ते होवो, रेतीतल्या जिवांना ते विष आहे. तुमच्या यंत्रावर तांब्याचं चित्र असेल तर ते पाणी टाकीत घालू नका.

बादली

हे मला शिकायला दोन वर्षं लागली, म्हणून जरा थांबून सांगतो.

चांदूर बाजारकडे संत्र्याची बाग असलेल्या एका घरी टाकी होती. मासे धडधाकट, क्लाउनफिश अंडी घालत होते, पाण्याचे सगळे आकडे पुस्तकातल्यासारखे. पण गोबी टिकेना. सहा महिन्यांत तिसरा. गोगलगाई मेल्या, कोळंबी मेली, आणि रात्री टॉर्च मारला तर काचेवर एकही कोपेपॉड धावताना दिसेना. रेती स्मशानासारखी. मी मीठ बदलायला लावलं, फिल्टर बदलायला लावलं, पैसे खर्च करवले. कळेना.

मग एकदा पाणी बदलायला मी स्वतः गेलो. त्यांनी मागच्या पडवीतून प्लॅस्टिकची मोठी बादली आणली. धुतलेली, स्वच्छ. मी उन्हात तिरपी धरली तर तळाच्या कडेला आणि ओरखड्यांत निळसर रेघ. बोट फिरवलं, जात नव्हती. विचारलं तर म्हणाले, "बोर्डोची हाय ना, पण धुतली चांगली." संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी झाडाच्या बुडख्याला बोर्डो हे बुरशीनाशक पेस्ट करून लावतात, एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. लोखंडी भांड्यात ते करत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकची बादली. मोरचूद म्हणजे तांबं.

मासे मेले नाहीत म्हणूनच आम्ही फसलो. माशांच्या रोगावर औषध म्हणून लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं वापरतात, ते मासा सोसतो. बिनकण्याचे जीव त्याहून खूप कमीत जातात. रेतीतले जंत, कोपेपॉड मेले आणि गोबीचं ताट रिकामं झालं. मासा विषाने नाही, भुकेने मेला.

तेव्हा टाकीची बादली, टाकीचा मग, टाकीचं कापड वेगळं ठेवा, रंग वेगळा घ्या, घरात सगळ्यांना सांगा. फवारणी करून आलेला हात पाण्यात घालू नका, साबणाने धुतलेला असला तरी त्या दिवशी नकोच. शंका असेल तर तांब्याचं टेस्ट किट लावा. किंचितही रंग आला तर तांबं धरणारा पॅड फिल्टरमध्ये टाका आणि पाणी बदलत जा. चुनखडीची रेती तांबं धरून ठेवते आणि सावकाश सोडते, म्हणून पाणी दहा वेळा बदलूनही आकडा परत वर येत असेल तर रेती काढावीच लागेल. त्या घरी आम्ही तेच केलं.

रेतीचा दाणा आणि रेतीची वस्ती

दाणा अर्धा ते दीड मिमी हवा, अॅरागोनाइटची (हा चुनखडीचाच प्रकार) बारीक रेती, दोन-तीन इंच थर. ठेचलेल्या कोरलचे जाड खडे त्याला तोंडात धरता येत नाहीत, तोंड सोलतं. नदीची रेती चाळून टाकू नका, तिचे दाणे टोकदार असू शकतात आणि सोबत काय येईल सांगता येत नाही. दगड रेतीवर नव्हे, थेट काचेच्या तळावर टेकलेले हवेत. गोबी पाया पोखरतो आणि दगड काचेवर येतो.

वस्ती पुन्हा वसवणं हे सगळ्यांत वेळखाऊ काम. ज्या टाकीत आजार नाही आणि तांब्याचं औषध कधी पडलेलं नाही, अशा जुन्या टाकीतली वाटीभर जिवंत रेती आणा, कोपेपॉडची बाटली मिळाली तर रात्री दिवे गेल्यावर सोडा, आणि शक्य असेल तर गोबी पोचणार नाही असा एक कोपरा जाळीने वेगळा ठेवा. तिथे ते वाढतील आणि थोडे थोडे बाहेर येतील. शेतकऱ्याला बियाण्यासाठी राखलेला वाफा समजावून सांगावा लागत नाही. तरीही एकट्या रेतीवर गोबी जगेल ही आशा सोडा. वस्ती म्हणजे जोडधंदा, मुख्य पोट तुमच्या सिरिंजवर.

जुनी खोल रेती एकदम उकरू नका. काळे पट्टे आणि सडक्या अंड्याचा वास आला तर हात आवरा. एका वेळी छोटा कोपरा, आठवड्याला एक.

टाकी सहा महिन्यांची नसेल किंवा दोनशे लिटरहून लहान असेल, तर वरचं सगळं करूनही मासा वाळू शकतो. तेव्हा तो मोठ्या टाकीवाल्याला देऊन टाका. मी स्वतः दोन दिलेत, त्यात कमीपणा नाही.

कुठे थांबायचं

मासा नीट खातोय, दिवसातून तीनदा खातोय, तीन आठवडे झाले आणि पोट भरत नाही, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे, तर पोटातले जंत हा संशय धरा आणि इथे स्वतःचे प्रयोग थांबवा. शेळ्यांचं जंताचं औषध घरात असतं आणि हात शिवशिवतो. ते टाकीत ओतू नका. मात्रा कळत नाही, कोरल आणि गोगलगाईंना बाधू शकतं, आणि लागू पडलंच तर रेतीतले जंतही मारेल, म्हणजे त्याचं उरलंसुरलं जेवण गेलं. औषध वेगळ्या भांड्यात, जाणकाराच्या सांगण्याने. माशांचं काम केलेला पशुवैद्य शोधा. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करा.

मासा पाच दिवस काहीच खात नाही, कल्ले धपापतात, अंगावर पांढरे ठिपके किंवा मखमलीसारखी धूळ दिसते, तर थांबू नका, त्याच दिवशी जाणकाराला गाठा. हा उपासाचा मामला नाही.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर माशाचा विचारच सोडा. हात काढा, मेन स्विच बंद करा, वायरमन बोलवा. हिटर किंवा पंप फुटलेला असतो आणि खेड्यातल्या अर्थिंगचा भरवसा नसतो. खारं पाणी वीज छान वाहून नेतं. काचेच्या सांध्यातून पाझर दिसला तरी तसंच, भरल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन थापून काही होत नाही. टाकीचं पाणी थंड करणाऱ्या चिलरचा गॅस फ्रीजवाल्याचं काम.

आणि मला विचारायचं असेल तर फोनवर "मासा वाळला" एवढंच सांगू नका. तीन फोटो पाठवा: एक बाजूने, एक वरून, आणि एक तुमच्या बादलीच्या तळाचा, उन्हात तिरपी धरून.